माळ्यावरची बादली खाली काढताना : किटमधून घरी बिअर, पुन्हा एकदा

‘किटची बिअर पाणचट लागते’ असं म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा नाद सोडलेली मंडळी ब्रिटनमध्ये बरीच भेटतात. बिअर आंबवायची बादली लॉफ्टमध्ये गेली, तिच्यात ख्रिसमसच्या माळा आल्या, विषय संपला. खरं सांगायचं तर त्या बिअरची वाट किटमधल्या अर्काच्या डब्याने क्वचितच लावलेली असते. वाट लावतात तीन गोष्टी: हीटरजवळचा गरम कोपरा, किलोभर साखर आणि खोक्यावर छापलेले दिवस मोजून घाईने भरलेल्या बाटल्या. या तीन गोष्टी सांभाळल्या तर तोच डबा पाहुण्यांना न लाजता देता येईल अशी बिअर देतो. पहिल्यांदाच करणाऱ्यांनाही हेच लागू. उलट त्यांना जुन्या सवयी मोडाव्या लागत नाहीत, तेवढाच त्यांचा फायदा.

आधी कायद्याचं. ब्रिटनमध्ये १९६३ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठी लागणारी लायसन्सची अट काढून टाकली. तेव्हापासून स्वतःसाठी, घरच्यांसाठी, मित्रांसाठी हवी तेवढी करा. विकायची मात्र नाही. दारू गाळणं, म्हणजे ऊर्ध्वपातन, हे वेगळं प्रकरण आहे आणि ते लायसन्सशिवाय गुन्हाच आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणंही दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरतं. तेव्हा सुट्टीत जाताना पुण्याच्या भावासाठी किट नेऊ नका. त्याला तिथल्याच एखाद्या मायक्रोब्रुअरीत घेऊन जा.

जुन्या सामानाची झडती

बादली खाली काढली की आधी आतून बोटं फिरवा. खरबरीत घासणीने कधीकाळी घासली असेल तर ओरखडे हाताला लागतील. त्या ओरखड्यांत जंतू घर करतात आणि कितीही जंतुनाशक ओता, निघत नाहीत. अशी बादली बागेला द्या. वासही घ्या. मधल्या काळात तिच्यात गोडा मसाला किंवा लोणचं ठेवलं गेलं असेल तर प्लॅस्टिकने तो वास धरलेला असतो, आणि बिअरमध्ये तो उतरतो. नवी बादली फार महाग नाही. घ्यायचीच तर २५ ते ३० लिटरची घ्या, म्हणजे वर फेसाला जागा राहते.

नळ्या, नळाचा वॉशर आणि झाकणाचं रबर न बघता फेकून द्या. जुन्या नळीच्या आत जे पिवळट दिसतं ते धुऊन जात नाही. पूर्वी उरलेलं यीस्टचं पाकीट कुठल्याशा ड्रॉवरमध्ये सापडलं तर तेही फेका.

हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी, मात्र फुटला नसेल तर कामाचा असतो. द्रवात साखर जास्त तितका त्याचा आकडा वर, आणि ती आंबत गेली की आकडा खाली येतो. तो साध्या पाण्यात सोडा. पाणी त्याच्या कागदावर लिहिलेल्या तापमानाचं हवं. बहुतेकांवर २० अंश असतं, काहींवर १५. आकडा १.००० आला पाहिजे. आतला कागद सरकलेला असेल तर तो १.००२ किंवा ०.९९८ दाखवेल. तेवढा फरक लक्षात ठेवून वजा-बेरीज करा, नाहीतर नवीन घ्या. या काचेच्या नळीवाचून हा उद्योग करू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. बाकी सगळ्याला पर्याय आहेत, याला नाही.

बाटल्यांची जमवाजमव हे सगळ्यांत कंटाळवाणं काम, म्हणून आजपासूनच सुरू करा. ५०० मिलीच्या तपकिरी, जाड काचेच्या, ओपनरने उघडायच्या बाटल्या साधारण ४० लागतात. पिळून उघडायच्या झाकणाच्या बाटल्या चालत नाहीत, त्यांच्या तोंडावर नवं झाकण नीट बसत नाही. हिरव्या आणि पारदर्शक काचेतून उजेड आत जातो, हॉप्समधले, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमधले, घटक त्या उजेडाने बिघडतात आणि बिअरला उग्र, नकोसा वास येतो. लेबलं काढायला धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर बुडवा. सकाळी बहुतेक लेबलं स्वतःच तरंगत असतात.

डबा कोणता, साखर किती

किट म्हणजे हॉप्स घातलेला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, अर्क, काकवीसारखा दाट आणि चिकट, सोबत यीस्टचं छोटं पाकीट. अ‍ॅडलेडच्या कूपर्सचा १.७ किलोचा डबा आणि सफकमधल्या मंटन्सची किटं हे नेहमीचे. घेताना तारीख बघा. जुना अर्क खराब होत नाही, पण काळवंडतो, आणि हॉप्सचा वास उडून जातो.

एका डब्याच्या किटवर बहुधा ‘एक किलो साखर घाला’ असं लिहिलेलं असतं. पाणचटपणा येतो तो इथून. साखर पूर्णपणे आंबून जाते, मागे चव ठेवत नाही, अंगही ठेवत नाही. त्याऐवजी ५०० ग्रॅम स्प्रेमाल्ट, म्हणजे माल्टच्या अर्काची कोरडी पावडर, आणि ५०० ग्रॅम ब्रुइंग शुगर, म्हणजे ग्लुकोजची पावडर, घाला. पाणीही २३ लिटरऐवजी २१ लिटरवर थांबवा. चार बाटल्या कमी होतील. त्यांची आठवण कोणी काढणार नाही. दोन डब्यांचं, तीन किलोचं किट घेतलंत तर साखरेचा प्रश्नच येत नाही, पैसे तेवढे जास्त जातात. परत सुरुवात करणाऱ्याने पहिला घाट एका डब्याचाच घालावा, कारण त्यात चुकायला जागा कमी असते. प्रकार म्हणाल तर बिटर किंवा पेल एल घ्या. या दोन्ही ‘एल’, म्हणजे जरा उबेत आंबणाऱ्या बिअर; लागर थंडीत आंबते. ‘लागर’ लिहिलेल्या किटमध्येही बहुतेक वेळा एलचंच यीस्ट असतं. गार, खळखळीत लागरची अपेक्षा धरून बसलात तर निराशा होईल.

यीस्टचं पाकीट झाकणाखाली दडलेलं असतं, जेमतेम सहा-सात ग्रॅमचं. ते चालतं. पण दुकानात किती दिवस उन्हात पडलं होतं कोण जाणे, म्हणून मी ११ ग्रॅमचं वेगळं पाकीट घेतो. सेफएल यूएस-०५ किंवा नॉटिंगहॅम. दोन-चार पौंडांत एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू या धंद्यात नाही.

पाणी आणि स्वच्छता

नळाचं पाणी चालतं. फक्त त्यातल्या क्लोरीनचा बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो. काही भागांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असतं आणि ते उकळूनही लवकर जात नाही. अर्धी कॅम्पडन गोळी (सल्फाइटची) चुरून बादलीभर पाण्यात ढवळा, काही मिनिटांत काम होतं. कॅम्पडन हे ग्लॉस्टरशरमधल्या गावाचं नाव. फळं टिकवण्याच्या तिथल्या संशोधनातून ही गोळी आली. घरात कोणाला सल्फाइटचा त्रास असेल तर मात्र गोळी टाळा आणि बाटलीबंद पाणी वापरा.

धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. आधी साबण नसलेल्या क्लीनरने मऊ फडक्याने धुवा, खळखळून विसळा, मग जंतुनाशक. क्लोरीनवाली पावडर वापरलीत तर नंतर दोन-तीनदा विसळणं आलं. स्टार सॅनसारखं आम्लाचं द्रावण लिटरला दीड मिली या प्रमाणात घेतलं तर विसळायची गरज नाही. फेस राहिला तरी राहू द्या. ही दोन एकत्र मात्र कधीही करू नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. स्प्रेच्या बाटलीत थोडं आम्लाचं द्रावण भरून ओट्यावर ठेवा. चमचा, कात्री, डबा उघडायचा ओपनर, यीस्टचं पाकीट, जे जे बिअरजवळ जाणार त्यावर फवारा मारायचा.

आणखी एक, आपल्या स्वयंपाकघरापुरतं: ज्या दिवशी इडलीचं पीठ फुगत असेल किंवा दही विरजत असेल त्या दिवशी त्याच ओट्यावर बिअर लावू नका. त्या जंतूंना बिअर फार आवडते, आणि मग ती आंबट होते.

लावण्याचा दिवस

दीड-दोन तासांचं काम आहे. डब्याचा कागद काढून डबा दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्यात उभा ठेवा, अर्क सैल होतो. बादलीत आधी थोडं गार पाणी घेऊन स्प्रेमाल्ट त्यात कालवा. ही पावडर उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरली तर पाकिटातच गोळा होते आणि चमच्याला दगडासारखी चिकटते. मग डब्यातला अर्क ओता. डब्यात चिकटून राहिलेलं उकळत्या पाण्याने विसळून घ्या; डबा भाजतो आणि कडा कापते, म्हणून ओव्हनचे मोजे घाला. ब्रुइंग शुगर आणि मिळून तीन-चार लिटर होईल एवढं उकळतं पाणी घालून तळाला काही बसलेलं लागत नाही तोवर ढवळा.

आता गार पाणी २१ लिटरच्या खुणेपर्यंत. हे पाणी उंचावरून धो धो ओता, फेस येऊ द्या. यीस्टला वाढायला सुरुवातीला प्राणवायू लागतो, आणि तो देण्याची हीच एक वेळ. यानंतर बाटली भरेपर्यंत बिअरला हवा लागू द्यायची नाही.

तापमान बघा. १८ ते २२ मध्ये असेल तर पुढे जा, जास्त असेल तर बादली सिंकमध्ये गार पाण्यात ठेवून थांबा. हायड्रोमीटरच्या नळकांड्यात नमुना घ्या, हायड्रोमीटर हलकेच फिरवून सोडा म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि डोळा पातळीला आणून वाचा. वर सांगितल्या प्रमाणात आकडा १.०४२ च्या आसपास येईल. तो बादलीवरच टेपवर लिहून ठेवा, कागद हरवतो. नमुना परत बादलीत न ओतता प्यायचा. गोड, कडवट आणि चिकट लागतो. मग यीस्ट पृष्ठभागावर भुरभुरा, झाकण दाबा, एअरलॉकमध्ये, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न येऊ देणाऱ्या झाकणावरच्या नळीत, थोडं पाणी घाला.

कोपरा कोणता

यीस्ट साखर खातं तेव्हा स्वतः उष्णता सोडतं. खोली २० अंशांवर असेल तर बादलीतलं द्रव २२-२३ वर जातं. किटच्या कागदावर मात्र ‘२१ ते २७’ किंवा ‘गरम जागी ठेवा’ असं छापलेलं असतं. त्यांना काहीही करून तुमची बिअर आंबायला हवी असते, चवीचं त्यांना फारसं पडलेलं नसतं. २५ च्या वर एलचं यीस्ट केळ्याचा आणि नेलपॉलिशचा वास देणारे पदार्थ तयार करतं, आणि मागाहून कितीही थांबा, ते सगळे जात नाहीत. म्हणून बादलीतलं तापमान १८ ते २० धरा. पहिले तीन दिवस याची सगळ्यांत जास्त गरज असते.

बादलीला बाहेरून चिकटवायची तापमानाची पट्टी मिळते, ती लावाच. हीटिंगच्या टाकीशेजारचं कपाट सोयीचं वाटतं, पण ते दिवसा तापतं आणि रात्री निवतं. यीस्टला ते अजिबात मानवत नाही. जिन्याखालची जागा किंवा आतल्या भिंतीला लागून असलेला कोपरा बरा. हिवाळ्यात घर रात्री १५ वर उतरत असेल तर बादलीला हीट बेल्ट, म्हणजे विजेवर तापणारा पट्टा, गुंडाळा, शक्यतो थर्मोस्टॅट लावून. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात उभी करून वर ओला टॉवेल गुंडाळा आणि टॉवेलचं टोक पाण्यात राहू द्या. एवढ्याने दोन-तीन अंश सहज उतरतात. जुलैत घर तापायला लागलं की मी नवा घाट घालतच नाही.

बारा ते चोवीस तासांत वर फेस दिसायला लागतो, तपकिरी साय जमते. एअरलॉक बुडबुडला नाही म्हणून घाबरू नका. झाकण नीट बसलं नसेल तर वायू बाजूने निघून जातो. झाकण उघडून डोकावण्यापेक्षा बादलीला कानच लावा, आत बारीक चुरचुर ऐकू येते.

आकडा थांबेपर्यंत

‘चार ते सात दिवसांत बाटलीत भरा’ ही ओळ वाचून विसरून जा. पूर्ण दोन आठवडे बादलीला हात लावू नका. फेस बसल्यावर यीस्टचं दुसरं काम सुरू होतं: हिरव्या सफरचंदासारखी, लोण्यासारखी लागणारी जी द्रव्यं त्याने स्वतःच तयार केलेली असतात, ती ते परत खाऊन टाकतं. बिअर लवकर काढली तर त्या चवी तशाच राहतात.

चौदाव्या दिवशी नमुना घ्या, दोन दिवसांनी परत घ्या. दोन्ही आकडे सारखे आणि १.०१० च्या जवळपास असतील तर बिअर झाली. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१.२५ ने गुणा, की अल्कोहोलची टक्केवारी मिळते: १.०४२ वजा १.०१० म्हणजे ०.०३२, गुणिले १३१.२५, बरोबर ४.२ टक्के.

आकडा १.०२० वर अडकला तर? दोन डब्यांच्या किटांत हे बऱ्याचदा होतं. झाकण न उघडता बादली धरून हळूच गोल फिरवा, तळाला बसलेलं यीस्ट उठेल. जागा दोन अंश गरम करा आणि आठवडाभर थांबा. अडकलेल्या आकड्यावर बाटल्या भरणं म्हणजे काचेचे बाँब बनवणं. यीस्ट कधीतरी जागं होतं, उरलेली साखर खायला लागतं, आणि मध्यरात्री कपाटात स्फोट होतो. यात अतिशयोक्ती नाही. काचेचे तुकडे दारात रुतलेले लोकांनी पाहिले आहेत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण या टप्प्यासाठीच ठेवलेली आहे.

हॉप्सचा ताजा वास हवा असेल तर बाटल्या भरण्याच्या तीन-चार दिवस आधी ५० ग्रॅम कॅस्केड किंवा सिट्रा जातीचे हॉप्स, उकळून घेतलेल्या जाळीच्या पिशवीत घालून बादलीत सोडा. किटच्या बिअरमध्ये ‘किटपणा’ लपवायला यासारखं दुसरं काही नाही. घरात कुत्रा असेल तर वापरलेले हॉप्स थेट झाकणाच्या कचऱ्यात टाका. कुत्र्यांना ते विषारी असतात, जीवही जातो, आणि माल्टच्या वासाने ते हटकून तोंड घालतात.

बाटल्या भरणं

बाटलीबाटलीत चमच्याने साखर घालता येते, ५०० मिलीला अर्धा चहाचा चमचा. पण एखादीत दोनदा पडते आणि तीच कारंजासारखी उडते. त्यापेक्षा दुसरी निर्जंतुक बादली घ्या. लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने २० लिटरला १०० ग्रॅम साधी साखर कपभर पाण्यात उकळून त्या रिकाम्या बादलीत ओता. बिटरला एवढी पुरे. जास्त फसफसणारी हवी असेल तर ७ ग्रॅमपर्यंत जा, त्यापुढे नको. मग नळीने बिअर तिच्यात उतरवा. नळीचं टोक तळाशी टेकलेलं हवं, म्हणजे बिअर खळखळत नाही, आणि गोल फिरत राहिल्याने साखर आपोआप मिसळते. जुन्या बादलीच्या तळाचा राखाडी गाळ मागे सोडा. लिटरभर बिअर वाया गेली तरी हरकत नाही.

बाटल्या टोकाला झडप असलेल्या कडक नळीने भरा. ही नळी बाटलीच्या तळाला दाबली की बिअर सुटते, उचलली की थांबते. काठोकाठ भरून नळी काढली की वर हवी तेवढीच जागा, तीनेक सेंटिमीटर, राहते. झाकणं लावायला दोन दांड्यांचं हत्यार स्वस्त आहे, पण कधी कधी बाटलीची मान त्यात तडकते. हा नाद पुढे चालू ठेवायचा असेल तर टेबलावर ठेवायचं, एका दांड्याचं घ्या.

एक बाटली मुद्दाम प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची भरा. रोज ती दाबून बघायची. पहिल्या दिवशी बोटाखाली मऊ दबते, आठवड्याभरात टणक होते. ती टणक झाली म्हणजे काचेच्या बाटल्यांतही वायू धरला. ती लाकडासारखी घट्ट होऊन तळ फुगायला लागला, तर डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून सगळ्या बाटल्या गार करा आणि झाकणं सैल करून वायू सोडा.

दोन आठवडे बाटल्या १८-२० अंशांतच, अंधारात राहू द्या; फ्रिजमध्ये लगेच टाकल्या तर यीस्ट झोपतं आणि वायू धरत नाही. त्यानंतर गार जागी आणखी दोन-तीन आठवडे. एक बाटली दोन आठवड्यांनी चाखायला हरकत नाही, म्हणजे फरक कळतो. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात किटची बिअर खरी तोंडाला लागते. हॉप्स घातलेली मात्र फार ठेवू नका, तिचा वास दोन-तीन महिन्यांत ओसरतो.

पिण्याच्या आदल्या दिवशी बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा, आडवी नाही. ओतताना ग्लास तिरका धरा आणि एका दमात ओता, मधे थांबून बाटली सरळ केली की तळाचा साका हलतो. शेवटची बोटभर बिअर बाटलीतच राहू द्या. तो साका विषारी नाही, यीस्टच आहे, पण पोट बिघडवू शकतो. ओतून झालं की बाटली लगेच गरम पाण्याने विसळून उपडी ठेवा; एकदा का तो साका वाळला की ब्रशलाही दाद देत नाही.